मोठ्यानं वाचायचा करार

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत ज्या कंपनीनं आपला करार आमच्या सीनिअरांकडून लिहून घेतला नाही, ती कंपनी अजून कंपनीच झालेली नाही, असं आमच्या सीनिअरांचं ठाम मत आहे. आणि मी त्यांची ज्युनिअर असल्यामुळे ते माझंही आहे. आमची फर्म ही या भागातली पहिली कॉर्पोरेट फर्म. हसू नका. कोर्टाच्या आवारातल्या कडुनिंबाखाली एक टेबल टाकून ती सुरू झाली तेव्हापासून पाटीवर 'अँड असोसिएट्स' लिहिलेलं होतं, आणि पुढची कित्येक वर्षं असोसिएट म्हणजे एक टाइपरायटर आणि तो वाहून नेणारी स्कूटर, एवढेच होते. पहिला अशील आरमोरीचा राइस मिलवाला. त्याच्या मागोमाग गडचांदूरकडचे चुनखडीवाले आले, मग सिमेंटची वाहतूक करणारे, मग गोदामवाले. मी आले तोवर फर्म बियाण्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर गेली होती आणि नागपूरचे वकीलही 'चंद्रपूरचं काम आहे ना, मग त्यांनाच विचारा' म्हणायला लागले होते.

सीनिअरांचा काळा कोट हा एक स्वतंत्र विषय आहे. आमच्याकडचा मे महिना ज्यानं भोगलाय त्यालाच कळेल. रस्त्यावरचं डांबर मऊ पडायचं, कुत्री नालीत जाऊन बसायची, आणि हे गृहस्थ गळ्यापर्यंत बटणं लावून कूलरकडे पाठ करून बसायचे. मी म्हटलं, "सर, आज कोर्टात तारीख नाही, काढा की कोट." तर म्हणाले, "कंपनी बंगल्यात सूट घालून बसते, अन् तिचा वकील बनियानवर बसन काय?" पुन्हा कुणाची विचारायची बिशाद नव्हती. पेन्सिलीला ते स्वतः टोक काढायचे, फाइलची फीत स्वतः बांधायचे, आणि माझी गाठ सुटली की अख्खा खटला सुटल्यासारखं तोंड करायचे.

पण त्यांचं खरं वेड वेगळंच. कुठलाही करार बाहेर जाण्याआधी तो मोठ्यानं वाचला गेला पाहिजे, तोही झाडीबोलीत, म्हणजे आमच्या झाडीपट्टीतल्या रोजच्या बोलीत, आणि ऐकायला ऑफिसात चहा करणाऱ्या शेवंताबाई. चहाचं पातेलं उतरवून त्या पदरानं तोंड पुसत बसायच्या आणि कंपन्यांचे विलीनीकरणाचे मसुदे ऐकायच्या. "समजलं नाई भाऊ" असं त्या म्हणाल्या की कलम बाद. एकदा एका कलमात मी सलग तीन वेळा 'उपरोक्त' घातलं होतं. बाई म्हणाल्या, "हा उपरोक्त कोन हाय? तो सही करनार हाय का?" सीनिअर पोट धरून हसले आणि माझ्याकडून ते पान चार वेळा लिहून घेतलं. तेव्हा मला त्यांचा मनस्वी राग आला होता.

मग मुंबईच्या एका बड्या फर्मचा निरोप आला. त्यांना आमचं ऑफिस आपली शाखा करून हवं होतं. सीनिअरांनी आयुष्यभर पाहिलेलं स्वप्न हेच, ते आनंदानं लहान पोरासारखे झाले. खोटं कशाला बोलू, मीही मनातल्या मनात काचेच्या केबिनीत जाऊन बसले होते. अट एकच होती. अगरबत्तीच्या काड्या करणाऱ्या त्यांच्या एका अशील कंपनीला गडचिरोलीच्या जंगलातल्या एका गावाकडून बांबू हवा होता. मसुदा मुंबईचा, आणि बांबूवर हक्क गावाचा म्हणून गावकऱ्यांच्या सह्या आम्ही मिळवायच्या. तेवढं झालं की शाखा पक्की.

गावात समाजमंदिरासमोर ग्रामसभा जमली. मुंबईचे भागीदार वकील स्वतः आले होते, ते घड्याळ बघत म्हणाले, "फक्त सह्या घेऊ या." सीनिअर म्हणाले, "हो हो," आणि उभे राहून पहिल्या कलमापासून वाचायला लागले. ऊन चढलं, कोट भिजला, तरी एक ओळ सोडली नाही. काही वाक्यं गावातला एक मास्तर गोंडीत सांगत होता. एकतिसावं कलम होतं की वाद झाला तर निवाडा मुंबईत. पुढं बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईनं हात वर केला. "भांडन झालं त आमाले मुंबईले जा लागन का, भाऊ?"

भागीदार सीनिअरांच्या कानाशी लागले, "सांगा, नुसती औपचारिकता आहे." मी सीनिअरांकडे बघत होते. 'म्हणा ना एकदा तसं,' असं मला वाटत होतं, अगदी जिवापासून वाटत होतं. त्यांनी त्या कलमावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "हो माय. जा लागन."

सभा उठली. सही एकही झाली नाही. भागीदार लालबुंद झाले, "तुम्ही कोणाचे वकील आहात?" सीनिअर शांतपणे म्हणाले, "कंपनीचाच हाओ. फसवून घेतलेली सही टिकत नाई साहेब. तुमच्याच भल्याचं सांगून राह्यलो." भागीदार आपल्या गाडीत बसून निघून गेले आणि त्यांच्याबरोबर शाखाही गेली, हे आम्हा दोघांनाही कळलं.

परतताना वैनगंगेच्या पुलावर त्यांनी कोट काढून मांडीवर घेतला. तसं त्यांना मी पहिल्यांदाच पाहत होते. म्हणाले, "माझं चुकलं का व बाई?" इतक्या वर्षांत त्यांनी मला कशावरच मत विचारलं नव्हतं. आणि मी खिडकीबाहेर बघत गप्प बसले. वाटेतलं सावली गाव गेलं, मूल गाव गेलं. चंद्रपुरातला बंगाली कॅम्पचा चौक आला तेव्हा कुठं माझ्या तोंडून फुटलं, "नाही सर. नाही चुकलं."

आता फर्म मी चालवते. दोन्ही जिल्ह्यांत आमच्या शब्दाला वजन आहे, आणि ते का आहे हे मला चांगलं ठाऊक आहे. गुडघ्यांमुळे सीनिअर घरीच असतात. मी भेटायला जाते तेव्हा कुणी ना कुणी आलेलं असतं आणि ते त्याला त्या दिवसाची गोष्ट सांगत असतात. शेवटी माझ्याकडे बोट दाखवतात. "पुलावर मी हिले इचारलं, माझं चुकलं का? माझ्या तोंडातून शब्द निघाला नाई तं लगेच ही म्हने, नाई सर!" पाहुणा माझ्याकडे कौतुकानं बघतो. सीनिअर मात्र माझ्याकडे बघत नाहीत, चहाचा कप माझ्यापुढे सरकवतात, आणि मी मान खाली घालून तो पिते.