'धुरा'चं शेवटचं कडवं

आमच्या बँडची गाणी मूठभर, पण किस्से पोत्यानं! टपरीवर बसलो की एक निघतो, त्याच्यामागून दुसरा, आणि मग माझं डोकं जे फिरतं ते घरी पोचलो तरी फिरलेलंच असतं.

बँडचं नाव 'पऱ्हाटी', म्हणजे कपाशीचं झाड. मानोऱ्याजवळच्या एकाच गावचे आम्ही तिघं. दिनेश गातो, गिटार वाजवतो, माउथ ऑर्गन फुंकतो. सुमेध बास, मी ड्रम. अमेरिकेतल्या शेतीवाडीच्या भागात एक रॉक चालतं, त्याला अमेरिकाना म्हणतात. दिनेशनं ते मोबाइलवर ऐकलं आणि म्हणाला, "अबे, हे त त्यायचं वऱ्हाडीच हाय!" झालं, सुरू!

आमचं सगळ्यात जीव ओतलेलं गाणं 'धुरा'. धुरा म्हणजे शेताचा बांध. चांगलं लांबलचक गाणं. त्याचं शेवटचं कडवं दिनेशनं आपल्या बाबांवर लिहिलंय. त्याची एकच इच्छा, गावात, बाबांसमोर, ते कडवं एकदा गाऊन व्हावं. सोपं वाटतं ना? ऐका मग!

* * *

मित्राच्या बहिणीचं लग्न. 'धुरा'चं दुसरं कडवं चालू, आणि नवरदेवाचा मामा थेट स्टेजवर! "हे रडगाणं काहून लावलं बे? पोट्टे नाचाले उभे हायत!"

दिनेश म्हणाला, "मामा, हे आमचं सोताचं गाणं हाय."

"सोताचं हाय त घरी वाजव न!"

आणि घरी वाजवलं की दिनेशचे बाबा, आमचे नामदेवकाका, ओरडतात, "बाहीर वाजव!" आता माणसानं वाजवावं तरी कुठं?

* * *

गावातला उत्सव. आम्ही 'धुरा' गाताना रंगात आलो आणि पुढारी आले. निवेदकानं दिनेशच्या तोंडासमोरचा माईकच उचलला! मग सत्कार. पुढाऱ्याचा, त्याच्या सोबत्यांचा, मंडपवाल्याचा, आणि शेवटी दिनेशचा. खांद्यावर शाल, हातात नारळ, गिटार शालीखाली गायब!

"सुंदर गीत सादर केल्याबद्दल..." निवेदक सुरू झाला.

माझी सटकली. "अहो, सादर कुठं झालं? अर्धंच झालं!"

"अर्धं इतकं सुंदर झालं, त पुरं कायले पायजे?"

टाळ्या! त्या माणसाला टाळ्या पडल्या!

* * *

पुण्यात एका फेस्टिव्हलला बोलावलं. आम्ही जीन्स-टीशर्टवर. आयोजक आम्हाला खालीवर न्याहाळत म्हणाला, "गावाकडचा फील येत नाहीये हो. धोतर, फेटा असं काही आणलं नाही का?"

सुमेध म्हणाला, "माया आजानंबी कदी फेटा नाही बांधला. आमी असेच रायतो."

"हो, पण लोकांना ते खरं वाटायला पाहिजे ना!"

म्हणजे गावातून आलेल्या माणसानं गावाकडचं दिसायला भाड्याचं धोतर नेसायचं! आम्ही नाही म्हटलं. मग आमचा वेळ कापला. 'धुरा' पुन्हा अर्धाच.

* * *

शेवटी म्हटलं, गावातच करू, मंदिरासमोर. डीजे नाही, पुढारी नाही. संध्याकाळी गाव जमलं. नामदेवकाका पहिल्या रांगेत, धुतलेली टोपी घालून! शेवटचं कडवं आता येणार, तेवढ्यात एक मोबाइल वाजला. मग दुसरा. मग सगळीकडेच किणकिण. आमच्याकडे शेतातली थ्री फेज लाइट आली की मोटारीचा स्टार्टरच मालकाला फोन करतो, आणि मालक पिकाला पाणी द्यायला पळतो.

"थ्री फेज आली रे!"

अख्खा मंडप उठला! आणि सगळ्यात आधी कोण उठलं? नामदेवकाका!

समोर उरला मंडपवाला आणि एक कुत्रं. दिनेशनं गिटार गळ्यातून काढली. दुसऱ्या दिवशी मी तणतणत काकांकडे गेलो. "काका, दोन मिन्टं बसले असते त काय बिघडलं असतं?"

"हरभरा वाळला असता."

दिनेशनं गिटार माळ्यावर टाकली. "बँड बंद," म्हणाला. एवढी मेहनत करून अकोल्याला 'धुरा' पुरा रेकॉर्ड केला होता, तो पेनड्राइव्हही घरात कुठं पडला ते त्यानं बघितलं नाही.

* * *

पुढं हिवाळा सरला. एकदा दिवस मावळताना मी काकांच्या शेताजवळून जात होतो, तर भोंग्यावर 'धुरा'! गाडी जागीच थांबवली. आमच्याकडे रानडुकरं पिकात शिरू नयेत म्हणून शेतात भोंगा लावतात. त्यात कुत्र्यांचं भुंकणं असतं, फटाके असतात. काकांनी त्यात आमचा पेनड्राइव्ह खुपसलेला!

मी दिनेशला फोन लावला. "अबे, तुया बापानं आपलं गाणं डुकरं हाकलाले लावलं!"

दिनेश आला तो लालबुंद होऊन, मागं सुमेध. काका धुऱ्यावर खांद्यावरचा दुपट्टा अंथरून बसलेले.

"बाबा! लाज वाटत नाही का तुमाले? मंडपातून उठून गेले, आन आता माया गाण्यानं डुकरं पळवून राह्यले?"



सुमेध मात्र शेताकडे बघत होता. शेत मोकळं होतं, नुसती ढेकळं.

"काका," तो म्हणाला, "हरभरा त कवाच घरी गेला. आता कायचे डुकरं?"

भोंग्यावर माउथ ऑर्गन थांबला आणि शेवटचं कडवं सुरू झालं.

काकांनी आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "चूप बसा बे," म्हणाले. "संपू द्या."