कबूल केलेली चोरी

माझा धाकटा भाऊ शाळेची व्हॅन चालवायचा. पोरं त्याला गोगलगाय म्हणत, कारण रस्ता कितीही मोकळा असला तरी हा आपला गाडी हळूच हाकणार. मागचे लोक हॉर्न वाजवून थकत. हा आरशात बघणार, सगळ्यांचे पट्टे लागलेत ना ते पाहणार, मगच हलणार. पोराचा हात त्याच्या घरच्या माणसाच्या हातात गेल्याशिवाय गाडीचं दार लावत नसे. मला विचाराल तर माणूस कंटाळवाणा, पण पोरांच्या आया त्याच्यावर डोळे झाकून विश्वास टाकत.

यंदा शाळेने गाड्यांचं काम एका कंपनीला दिलं आणि कंपनीने सगळ्या ड्रायव्हरांची पार्श्वभूमी तपासायला घेतली. नाव, वडिलांचं नाव, जुने पत्ते घेतले आणि कोर्टातल्या नोंदींशी ताडून पाहिले. बाकीच्यांच्या अहवालात 'नोंद नाही'. याच्या अहवालात चोरी, दोषी, दंड. त्याच्या तोंडचं पाणीच पळालं.

आम्ही तर ती गोष्ट विसरूनही गेलो होतो. विशीत तो एका गोदामात हमाली करायचा. तिथून तांब्याच्या तारेची भेंडोळी चोरीला गेली आणि पोलिसांनी त्या पाळीची सगळीच पोरं उचलली. कोर्टाच्या व्हरांड्यात एका वकिलाने सगळ्यांना एकदम उभं करून सांगितलं, "भांडत बसलात तर तारखा पडतील, दर तारखेला खाडा होईल. कबूल करा, दंड भरा आणि संध्याकाळी घरी जा." रोजावरच्या माणसाला खाडा म्हणजे काय, ते त्या वकिलाला बरोबर ठाऊक होतं. सगळे पुढे झाले आणि 'कबूल' म्हणाले. संध्याकाळी हा घरी आला, मी वाढलं, तो जेवला आणि सकाळी कामावर गेला. आईचा जीव भांड्यात पडला. दंड भरला म्हणजे विषय मिटला, असंच आम्ही सगळे धरून चाललो. नोंद नावाची गोष्ट माणसाच्या मागे मागे येत राहते, हे आम्हाला कोण सांगणार होतं?

शाळेच्या मोठ्या बाई भल्या. त्यांनी त्याला समितीपुढे बोलावलं. मीही सोबत गेले, तोंड उघडायचं नाही या अटीवर. खोलीत बाई आणि कंपनीचे साहेब, दोघंच. बाईंनी एक कोरा कागद पुढे सरकवला.

"जुनी गोष्ट आहे," त्या म्हणाल्या. "तरुणपणी चूक झाली, पश्चात्ताप आहे, एवढं लिहून द्या. नियमात तशी सोय आहे. तुम्हाला ठेवता येईल."

मला हायसं वाटलं. हा मात्र पेन हातात धरून बसून राहिला.

"पण मी चोरी केली नव्हती, बाई."

"मग कबूल का केलीत?" साहेबांनी विचारलं.

"दुसऱ्या दिवशी कामावर जायचं होतं."

साहेब हसले. न केलेला गुन्हा कोणी कबूल करतं का, म्हणाले. माझं डोकंच फिरलं. आजारी पडलं तरी ज्याचा पगार चुकत नाही, त्याला हे कुठून कळणार! पण नोकरी त्यांच्या हातात होती, म्हणून मी राग गिळला.

बाई समजावत म्हणाल्या, "उद्याही कामावर यायचंय ना तुम्हाला? मग लिहा."

तेव्हा मात्र मला राहवलं नाही. "लिही रे बाबा! एकदा म्हणालायस ना, अजून एकदा म्हण. काय बिघडतं?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. "तेव्हा मला तिथे कोण ओळखत होतं, ताई? इथे पोरं ओळखतात. आपण चोर आहोत असं लिहून द्यायचं आणि उद्या त्यांचा हात धरून उतरवायचं? मला नाही जमणार."

त्याने पेन खाली ठेवलं. साहेबांनी अहवालावर 'पश्चात्ताप नाही' असा शेरा मारला आणि गाडीच्या किल्ल्या मागून घेतल्या. बाई खिडकीकडे बघत राहिल्या.

बाहेर आल्यावर मी त्याला फैलावर घेतलं. घरी बायकोला काय सांगणार आहेस, या वयात तुला दुसरं कोण ठेवणार, जिथे जाशील तिथे हेच निघणार, एका ओळीने तुझं काय झिजलं असतं? तो फाटकापाशी येऊन थांबला.

"ताई, मी नव्हती केली. तुला माहितीये ना?"

इतक्या वर्षांत हे त्याने मला कधी विचारलं नव्हतं आणि मीही त्याला कधी विचारलं नव्हतं.

"माहितीये रे," मी म्हणाले.

पण म्हणण्याआधी मी थांबले होते. फार नाही, एक श्वास घेण्यापुरती. त्याने मान हलवली, माझ्या हातातली पिशवी घेतली आणि माझ्याकडे न बघता पुढे चालू लागला.