ज्याअर्थी व्हर्लीन टब्ज हयात आहे

अमेरिकेतल्या टोलेडो शहरातल्या एका विमा कंपनीत व्हर्लीन टब्ज एकोणीस वर्षे दावे तपासत होती. तिच्या हाताखाली शिकलेली सहा माणसे पुढे तिचे साहेब झाली. सहाही गोरी होती, आणि सहाही जणांनी वरच्या मजल्यावर जाताना तिला मिठी मारली. चार वर्षांपासून ती वरिष्ठ पर्यवेक्षकाचे पद मागत होती. व्यवस्थापिका किर्स्टन डाल्बी दर वर्षी हळहळून सांगत, "व्हर्लीन, असं पदच नाहीये गं आपल्याकडे."

पद नव्हते, पण मंडळ होते. गौरेतर स्त्रियांना आधार मिळावा म्हणून डाल्बीबाईंनी बुधवारी, नेमक्या जेवणाच्या सुट्टीत, एक आधारमंडळ चालवले होते. सभासद दोन: कृष्णवर्णीय व्हर्लीन आणि हिशेबखात्यातली फिलिपिनो मारितेस. दोघींनी आरशात पाहून 'मी पुरेशी आहे' असे तीनदा म्हणायचे, आणि डाल्बीबाईंनी सुगंधी मेणबत्ती लावून डोळे पुसायचे. पुरेशी असलेल्या बाईला बढती हवीच कशाला, असा सोयीचा निष्कर्ष त्या खोलीत न बोलताच निघत असे.

यंदाचा अर्ज घेताना बाई म्हणाल्या, "तुझ्या समाजाकडून एखादं पत्र आण ना. फार अर्थपूर्ण होईल."

व्हर्लीनचा समाज म्हणजे तिचे चर्च. दर रविवारी पांढरा पोशाख आणि पांढरे हातमोजे घालून ती दाराशी उभी राही व लोकांना जागा दाखवी. स्वतः बसण्याची वेळ तिच्यावर क्वचितच येई. चर्चच्या चिटणीस एक्याऐंशी वर्षांच्या मदर गेन्स; तिथे वडीलधाऱ्या बायकांना मानाने 'मदर' आणि बाकीच्यांना 'सिस्टर' म्हणत. अंत्यविधीत वाचायचे, मृताच्या गौरवाचे ठराव त्या एकतीस वर्षे लिहीत होत्या. या चर्चमध्ये बाईची स्तुती आयुष्यात एकदाच होई, आणि तीही तिला ऐकू येणार नाही अशा बेताने. जिवंतपणी कौतुक केले की माणूस बिघडतो, असे पाळकांचे मत होते. त्यांचा स्वतःचा गौरव सोहळा दर वर्षी चार दिवस चाले, ही गोष्ट वेगळी.

"मदर, मी जिवंत आहे हं," व्हर्लीन चर्चच्या स्वयंपाकघरात म्हणाली. "साधंसं पत्र लिहा."

"पोरी, मला एकच साचा येतो. तो देवाघरी चालतो, तुझ्या कचेरीत न चालायला काय झालं?"

पालेभाजी चिरणारी सिस्टर ज्वानेल हसली. "लिहू दे गं त्यांना. माझंही छान लिहितील, पण मला वाचून कोण दाखवणार?"

ठराव झाला. ज्याअर्थी सिस्टर व्हर्लीन टब्ज यांनी एकोणीस वर्षे तीन माणसांचे काम एकटीने केले; ज्याअर्थी त्यांच्या हाताखालून सहा साहेब तयार होऊन बाहेर पडले; ज्याअर्थी त्यांनी कधी तक्रारीचा शब्द काढला नाही; त्याअर्थी हे चर्च ठरवते की, त्यांच्या जाण्याने निर्माण झालेली पोकळी कधीही भरून येणार नाही. शेवटची ओळ मदर गेन्सनी लिहिली असे म्हणता येत नाही. ती हाताला सवयीनेच आली. वर सोनेरी शिक्का बसला आणि ठराव टपालात पडला. व्हर्लीन आठवडाभराची रजा घेऊन बर्मिंगहॅमला द्वारसेवकांच्या अधिवेशनाला गेली होती.

डाल्बीबाई कोणताही कागद शेवटाकडून वाचत. खात्री करून घेणे त्यांना सुचले नाही. जिच्या असण्याची एकोणीस वर्षे नोंद घेतली नाही, तिच्या नसण्याला पुरावा कशाला मागायचा?

रविवारी व्हर्लीन दाराशी उभी असताना कंपनीकडून पांढऱ्या फुलांचे भलेमोठे श्रद्धांजलीचे चक्र आले. पट्टीवर तिचेच नाव. शिरस्त्याप्रमाणे तिने ते दोन्ही हातांनी घेतले आणि पुढे नेऊन ठेवले.

सोमवारी मारितेसने तिला पाहून आधी छातीवर क्रूस काढला, मग चिमटा. "मी सांगत होते डाल्बीबाईंना, अहो, ती सुट्टीवर आहे! तर मला जवळ घेऊन म्हणतात कशा, 'हो गं, आपण तसंच समजूया.'"

सूचनाफलकावर जाहिरात लागली होती: वरिष्ठ पर्यवेक्षक, जागा एक, मदतनीस, जागा दोन. ठरावातले काम मोजून पाहिल्यावर ते एका माणसाचे नाही, हे व्यवस्थापनाच्या ध्यानात आले होते.

डाल्बीबाई रडल्या, तिला घट्ट धरून रडल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे आता ती जागा रिकामी नाही."

"मॅडम, चार वर्षं म्हणत होतात, असं पदच नाही."

"पद आहे गं. पण ते तू नसलीस तर."

त्या संध्याकाळी व्हर्लीन चर्चच्या स्वयंपाकघरात ठरावाची प्रत वाचत बसली होती. आपल्या मुकाटपणाला ती आजवर सद्गुण समजत आली होती. ठरावात तो तिसऱ्या कलमात मिरवला होता, आणि कंपनीला सर्वांत जास्त तोच उपयोगी पडला होता.

"राजीनामा दिला तर जागा खरंच रिकामी होईल," ती म्हणाली. "मग बाहेरून अर्ज करीन. नाही घेतलं तर मात्र पेन्शनही गेली आणि विमाही."

मदर गेन्सनी चष्मा पुसला. "मेलीस तर तुझ्या घरी जेवण पोचवायचंच आहे आम्हाला. ते आधी पोचवू."

व्हर्लीनने राजीनामा दिला, आणि त्यांनी जेवण पोचवले. तीन आठवडे तिच्या दारात तळलेली कोंबडी, चीज घातलेली मॅकरोनी आणि केक येत राहिले, म्हणजे अंत्यविधीनंतरचे सगळे जेवण. फक्त जिच्यासाठी ते होते ती ते स्वतः खात होती. ज्वानेल रोज विचारी, "काय म्हणते गं आमची मयत?" रात्री मात्र मयताला झोप लागत नसे.

तिकडे दाव्यांचे ढीग खिडकीच्या वर गेले. चौथ्या सोमवारी मुलाखत झाली. डाल्बीबाईंनी अनुभव विचारला. व्हर्लीनने तोच ठराव पुढे ठेवला आणि म्हणाली, "या वेळी वरून वाचा." त्यांनी वाचला. वाचताना त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. पद तिला मिळाले, दोन मदतनीसांसह. आठवड्याभरात कंपनीच्या पत्रिकेत ते आधारमंडळाचे यश म्हणून छापूनही आले.

पुढच्या बुधवारी आरसा आणि मेणबत्ती वाट पाहत राहिली. व्हर्लीन मारितेसला घेऊन चर्चच्या स्वयंपाकघरात आली होती. मारितेसच्या ठरावासाठी मदर गेन्सनी कोरा कागद ओढला.

"काम नंतर सांग. आधी पहिलं कलम," त्या म्हणाल्या, आणि मोठ्याने उच्चारत लिहू लागल्या, "ज्याअर्थी ही बाई हयात आहे..."