जर्मन विहीणबाई आणि माझी आग्रहबंदी

भारताची जगातली अब्रू एकदा अख्खा दिवस माझ्या ताब्यात होती. नळदुर्गात, आमच्या घरी.

आमची स्वाती जर्मनीत नोकरीला. तिथलाच एक मुलगा तिने पसंत केला आणि त्याची आई, हेल्गाबाई, मुलीचं घर पाहायला आमच्याकडे निघाली. मी निवृत्त भूगोलशिक्षक. जर्मनीतल्या नद्या मला तोंडपाठ, पण जर्मनीतली विहीण अभ्यासक्रमात नव्हती! बाईंना आपण आवडलो नाही तर पोरीचं लग्न मोडणार, वर त्या तिकडे जाऊन देशाबद्दल काय सांगतील कोण जाणे.

शेवटी मोबाइलवर अभ्यास करून मी घरात फर्मान काढलं.

"आग्रह करायचा न्हाय! त्यांच्यात एकदाच विचारतात. नको म्हटलं की नको!"

"अवो, पावण्याला एकदाच विचारायचं?" बायको हबकली. (तिचं माहेर कर्नाटकातलं. तिकडे पाहुण्याने 'नको' म्हटल्यावर वाढायला खरी सुरुवात होते.)

"एकदाच! देशाच्या इज्जतीचा सवाल हाय."

सकाळी स्वाती बाईंना घेऊन आली आणि लगेच मैत्रिणीच्या हळदीला तामलवाडीला पळाली. आम्ही पोहे पुढे केले. "नको," बाई गोड हसून म्हणाल्या. (तेवढं मराठी स्वातीने शिकवलं होतं.) बशी परत गेली. चहा? "नको." कपही परत! दुपारी शेंगापोळी, तूप, भाकरी, वांग्याची भाजी असा थाट. बायकोने पोळी पुढे केली. "नको." ती पुन्हा विचारणार तोच मी डोळे वटारले, पोळी माघारी! एकेक पदार्थ असाच आला आणि गेला. बाईंच्या ताटात शेवटी मीठ आणि लिंबाची फोड उरली. मला मात्र धन्य वाटत होतं. किती सुसंस्कृत जेवण!

चार वाजता बाई गायब!

मी घर धुंडाळलं, गल्ली धुंडाळली. बाई सापडल्या शेजारच्या झुबेदाभाभींच्या चुलीपुढे, मांडी घालून, भाकरी चावत. त्या "नको" म्हणत होत्या आणि भाभी ते ऐकूनच घेत नव्हत्या.

"काय वो सर," भाभी माझ्यावर कडाडल्या, "पावनीला उपाशी ठेवलं व्हय? दारात हुबी राहून माज्या तव्याकडं बघत हुती बिचारी!"

तेवढ्यात स्वाती परतली. बाई तिच्याशी जर्मनमध्ये काहीतरी बोलल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. स्वाती माझ्याकडे वळली.

"अप्पा, त्या विचारतायत, तुम्हाला हे लग्न मान्य न्हाय का?"

"कोण म्हणतं?"

"मीच त्यास्नी शिकवलं होतं, आपल्याकडं लगेच हो म्हणायचं नसतं. दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा घ्यायचं. तुम्ही दुसऱ्यांदा विचारलंच न्हाय!"

लाजेने मला धरणी दुभंगावी असं झालं. मी धावत घरी गेलो, पोळ्यांचा अख्खा डबा आणला आणि बाईंसमोर बसलो.

"घ्या!"

"नको."

"घ्या म्हणतो ना!"

"नको."

"आमच्या गळ्याची शपथ हाय!"

बाईंनी पोळी घेतली. एक नाही, चार घेतल्या! बायको पदराने डोळे पुसत तूप वाढत राहिली, आणि लग्न तिथेच, भाभींच्या चुलीपुढे ठरलं.

परवा स्वातीचा फोन आला होता. हेल्गाबाई तिकडे सगळ्यांना कौतुकाने सांगतात म्हणे, भारतातली माणसं फार मायाळू. स्वातीचे वडील तेवढे जरा जर्मन आहेत.