आईचं पहिलं मत

मतदानाचा दिवस आला की नौपाड्यातली ती चुन्याच्या वासाची शाळा आठवते. स्वतंत्र देशातली पहिलीच निवडणूक होती. 'अमक्याची बायको' असं न लिहू देता आईने मतदारयादीत हट्टाने स्वतःचं नाव घालून घेतलं होतं. ठेवणीतलं लुगडं नेसून ती मला घेऊन गेली, तर यादी बघून कारकून म्हणाला, "बाई, तुमचं मत देऊन झालंय." आईने कोरी बोटं त्याच्यापुढे धरली. "शाई कुठे दिसते? कोणीही माझं नाव सांगावं आणि तुम्ही मानावं?" "गर्दीत कोणाकोणाला ओळखणार?" तो म्हणाला. अखेर केंद्रावरच्या मोठ्या साहेबांनी तिला मतपत्रिका दिली, पण ती पेटीत न टाकता पाकिटात बंद केली; असं मत मोजणीत धरत नाहीत, म्हणाले. "चोरी दुसरीची आणि बाजूला माझं मत!" आई रस्ताभर धुमसत होती. पुढच्या प्रत्येक निवडणुकीत ती केंद्राचं दार उघडण्याआधीच हजर असे. आता मीही तशीच जाते. पण तिचं पहिलं मत कोणी लाटलं ते कधीच कळलं नाही, आणि माझा राग अजून गेलेला नाही.