चार बोटं उंच

दत्ता गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यालाच शिव्या घालत होतो. गाडी भरून फाट्यावर उभी होती. मागं उसाच्या पाचटात बसवलेली दह्याची गाडगी होती आणि शेजारची सीट रिकामी होती. "चार दिवस सोलापूरला लेकीकडं जाऊन येतो" म्हणून गेलेला माणूस परत यायचं नाव घेत नव्हता. तुळजापुरातले खानावळवाले रोज विचारत, दत्ताभाऊ कुठं हायत? नातवंडांत रमलाय, विसरला आपल्याला, असं मी सगळ्यांना सांगत होतो. तेवढ्यात त्याच्या मुलाचा, महेशचा फोन आला. "काका, अण्णा गेले." मी म्हटलं, अरे, तो तर लेकीकडं होता ना? महेश म्हणाला, "दवाखान्यात हुते, काका. मणक्यात कॅन्सर हुता. वरीस झालं. तुमाला सांगायचं न्हाय म्हणून आमाला शपथ घातली हुती."

त्या दिवशी मला रडू आलं नाही, राग आला. पुढं त्यात भरच पडली, ती कशी ते सांगायला हे लिहितो आहे.

दत्ता आणि मी मुरुमच्या शाळेत एका बाकावर बसलो. त्याच्या घरी मेंढरं होती. तो शिकून एसटीत कंडक्टर झाला, मी शेतावर राहून म्हशी वाढवल्या. तो निवृत्त होऊन गावी आला त्या सुमारास माझी बायको सुनंदा हिच्या दह्याचं नाव झालं होतं. तिनं दही लावायचं, मी गाडी चालवायची आणि दत्तानं ते तुळजापुरात विकायचं, अशी आमची विभागणी आपोआपच झाली. विकायचं म्हणजे काय, तो गप्पा मारायचा आणि लोक दही घ्यायचे. एवढं बोलणारा माणूस, पण खोटं बोलणं त्याला जमायचं नाही. उन्हाळ्यात एखादा दिवस दही आंबट झालं की हा गिऱ्हाइकाला आधीच सांगून मोकळा. "आजचं आंबट हाय, वाटीत देऊ नका, कढी करा." मी डोक्याला हात लावायचो. "तुला धंदा करायचाय की कीर्तन?" तो हसायचा आणि गाडीत येऊन बसायचा. सीटवर त्याच्या आईच्या घोंगडीची घडी असे. तिच्यावर बसल्याशिवाय त्याला करमत नसे.

आमच्या वस्तीवरून डांबरी रस्त्याला लागायला मधे एक ओढा आहे. मागल्या पावसात त्याच्यावरची नळ्यांची मोरी वाहून गेली आणि नुसते धोंडे उरले. गाडी त्यात उतरली की पोट घासायचं. एकदा तर तेलाचं चेंबरच फुटलं आणि दह्यासकट आम्ही ओढ्यात बसून राहिलो. गाडी चाकांवरून थोडी उचलून घेतल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. किती उचलायची यावर आमचं एकमत होतं. चार बोटं, त्याच्या वर नाही. जास्त उंच केली तर वळणावर डुलते आणि गाडगी एकमेकांवर आदळतात. भांडण झालं ते कशी उचलायची यावरून. मला मागच्या चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांत आणखी एक जाड पाटा वाढवून हवा होता. उंची मिळते, वजनही पेलतं, एकदा केलं की बघायला नको. दत्ता म्हणाला, "पाटा वाढवला की गाडी कडक हुती गड्या. पाटे हायत तसंच ठेव, खाली लोखंडी ठोकळा टाक. उंची तीच मिळंल आन् गाडी मऊ ऱ्हाईल." दही सुखानं गेलं पाहिजे, हे त्याचं पालुपद. आठवडाभर आम्ही यावर वाद घातला. शेवटी गाडी माझी, तेव्हा पाटा वाढवला.

आणि दही मोडायला लागलं. तुळजापुरात पोचून फडकं काढावं तर गाडग्यात भेग आणि भेगेत पाणी. सगळ्याच गाडग्यांत नव्हे, पण रोज दोनतीन तरी निघायचीच. दत्ता मला दाखवायचा आणि मान हलवायचा. "बघ. मोडायलंय." मी म्हणायचो, पाट्यानं नाही, विरजणच कमी पडत असेल. हे मी घरी येऊन सुनंदासमोरही म्हणालो. दह्यावरून आजवर तिला कुणी नाव ठेवलं नव्हतं. तिनं विरजण बदललं, बहिणीकडून नवं आणलं, दूध जास्त आटवून पाहिलं. एके सकाळी चुलीपुढं बसून ती म्हणाली, "माझा हातच बिघडला की काय हो?" तेव्हा दत्ता आमच्या ओसरीवर तिच्याच हातची भाकरी खात होता. त्यानं ऐकलं. घास गिळला आणि म्हणाला, "वहिनी, तुमच्या हाताला काय झालं न्हाय. ती गाडी कडक हाय." तिचे डोळे भरून आले. मला वाटलं, काय मोठ्या मनाचा माणूस आहे.

अखेर मुरुमला पाटेवाल्या इस्माईलभाईंकडं गेलो आणि परीक्षा घ्यायची ठरवली. एक भरलेलं गाडगं घेऊन तिघं ओढ्यावर गेलो. गाडगं दत्ताच्या मांडीवर होतं. गाडी धोंड्यांवरून पलीकडं काढली आणि पाटा किती दाबला ते बघायला मी आणि इस्माईलभाई खाली उतरलो. मी सरळ गाडीखाली शिरलो. बाहेर येतो तर दत्ता दारातून गाडगं पुढं करत होता. दही मधोमध फुटलेलं, वर पाणी तरंगत होतं. "आता तरी पटलं का?" पटलं. दुसऱ्याच दिवशी वाढवलेला पाटा काढला, ठोकळे टाकले, लांब शॉकअप बसवले. चार बोटांची उंची कायम राहिली आणि गाडी पाळण्यासारखी झाली. दही मोडायचं थांबलं. सुनंदानं त्या आनंदात पुरणपोळी केली आणि दत्तानं ती तुपात बुडवून खाल्ली. त्यानंतरचे महिने फार सुखाचे गेले. नळदुर्गच्या पुढं सकाळचं ऊन काचेतून आत यायचं, दत्ता घोंगडीवर रेलून एसटीतल्या प्रवाशांच्या नकला करायचा. मधेच गप्प व्हायचा, डोळे मिटायचा... झोप लागली असेल म्हणून मी गाडी हळू घ्यायचो.

त्याच्या तेराव्याला इस्माईलभाई आले होते. मंडपाबाहेर मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाळासाहेब, एक बात पोटात हाय. दत्ताभाऊंनी कसम घातली हुती, पर आता ते न्हाईत. त्या दिवशी ओढ्यावर तुमी गाडीखाली गेला ना, म्या दाराकडं हुतो. त्यांनी गाडग्यात अंगठा घातला आन् दही फोडलं. म्या बघितलं तर ओठावर बोट ठेवलं." मी म्हटलं, कशाला? "नंतर दुकानात येऊन सांगितलं. पाठीत आग हुती म्हणाले, गचका बसला की जीव जातो. बाळ्याला कळलं तर मला घरी बसवंल, म्हणाले. मला गाडीत बसू द्या."

मी तिथून जेवण न करता निघून आलो.

म्हणजे रोज निघणारी ती दोनतीन गाडगीही त्याचीच. खानावळीच्या दारात मी आकडे काढून गाडीचं मागचं फळकं खाली पाडेपर्यंत हा बाजूनं हात लांबवून फडक्याखाली अंगठा घालून मोकळा होत असणार. ज्या माणसाला गिऱ्हाइकाशी आंबट दह्याबद्दल खोटं बोलता येत नव्हतं, तो माझ्याशी रोज खोटं बोलला. चांगल्या दह्याला वाईट ठरवलं आणि ज्या बाईनं ते लावलं ती स्वतःचे हात निरखत बसली असताना तिची भाकरी खाल्ली. पाटेवाल्याला कळलं, सोलापूरच्या डॉक्टरला कळलं, त्याच्या पोराबाळांना कळलं. बालपणापासूनचा सोबती मी मात्र त्याच्याच शेजारी स्टिअरिंग धरून बसलो होतो आणि मला काही कळू दिलं गेलं नाही. मी घरी बसवलं असतं त्याला? हो, बसवलं असतं. दवाखान्यात नेलं असतं, भांडलो असतो, त्याच्या उशाशी बसलो असतो. ते सगळं करायचा माझा हक्क होता. तो त्यानं एका अंगठ्यानं काढून घेतला. मेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये म्हणतात. मला फसवल्यासारखं वाटतं आणि ते मी लिहिणार.

सुनंदाला सांगितलं तेव्हा वाटलं होतं, ती माझ्याहून जास्त चिडेल. ती चिडलीच. "मला महिनाभर झोप न्हवती," म्हणाली. मग पदरानं डोळे पुसत म्हणाली, "मला सांगितलं असतं तर त्या सीटवर गादी शिवून घातली असती की ओ... दही कशाला मोडायचं?"

चार दिवसांनी मी इस्माईलभाईंच्या दुकानात गेलो आणि ठोकळे काढून तो जाड पाटा परत बसवायला सांगितला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि जॅक लावला. पाट्यानं दही खरंच मोडतं का, याची मला खात्री करून घ्यायची होती; सुनंदालाही तसं सांगितलं. दुसऱ्या सकाळी सुनंदानं लावलेलं एक गाडगं दत्ताच्या घोंगडीवर ठेवलं आणि एकटाच ओढ्यात उतरलो. मुद्दाम हळू घेतली नाही. गाडी अशी आदळली की माझं डोकं टपाला लागलं, कमरेत कळ आली. माझ्या धडधाकट कमरेत. पलीकडं जाऊन थांबलो आणि फडकं काढलं. दही जसंच्या तसं होतं. वर साय, कडेला एक थेंब पाणी नाही.

सीटवर त्या गाडग्याशेजारी बराच वेळ बसून राहिलो. दत्ताला शिव्या दिल्या, मोठ्यानं दिल्या, तिथं ऐकायला कुणी नव्हतं. मग गाडी वळवून घरी आणली. अंगणात उतरायच्या आधी मी गाडग्यात अंगठा घातला.

सुनंदा दारातच उभी होती. गाडगं तिच्या पुढं केलं आणि म्हटलं, मोडलं, दत्ता म्हणायचा तसंच. तिनं दह्यातलं भोक पाहिलं, माझा अंगठा पाहिला. गाडगं माझ्या हातातून घेऊन म्हणाली, "मग काढून घ्या तो पाटा."