सतराव्या मजल्यावरची सुकट

माझी चौदा वर्षांची धाकटी बहीण शाळेच्या जिन्यात पडली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. दोन वर्षांत दुसऱ्यांदा. प्लास्टर घालून झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी आईला विचारलं, "हिच्या पोटात कॅल्शियम कुठून जातं?"

"दूध पिते ना."

"किती?"

"चहातून."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. हाडं याच वयात भरतात, म्हणाल्या, मागाहून भरपाई कठीण. रक्त तपासा आणि ताट सुधारा.

मी बाजूला उभी. माझ्या बॅगेत आमच्या संस्थेची 'मुलांना रोज दोन ग्लास दूध द्या' अशी पत्रकं होती. मजकूर माझाच. मालाडच्या वस्त्यांत ती वाटताना मी आयांना फाडफाड सुनावायचे. माझ्याच बहिणीचं पोट दुधाने बिघडतं, हे मला ठाऊक होतं. अशा मुलांनी काय खायचं, यावर पत्रकात एक ओळ नव्हती.

दहिसरच्या चाळीत होतो तेव्हा आठवड्यातून तीनदा सुकट असायची. बोटाच्या पेराएवढी वाळकी कोलंबी, सालासकट खायची, सोबत नाचणीची भाकरी. मग चाळीच्या जागी टॉवर आला आणि आम्ही सतराव्या मजल्यावर गेलो. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी नाक दाबलेलं चित्र टाकलं. बस, एवढंच. बंदी कुणीच घातली नव्हती. सुकट गेली, आणि तिच्याशिवाय भाकरी कुणी खाईना म्हणून तीही गेली.

रिक्षात आई म्हणाली, "आता बोल की, भाषणवाले. 'आई, इथे लाज काढू नकोस गं,' कोण म्हणालं होतं?"

मी म्हणाले होते. एवढा संताप घेऊन गावभर फिरते, आणि घाबरले कशाला, तर एका चित्राला.

वाटेत सुकट आणि नाचणीचं पीठ घेतलं, आणि त्याच दुपारी आईने सुकट भाजली. कांदा, कोकम, सगळ्या खिडक्या सताड उघड्या. दहा मिनिटांत बेल वाजली. दारात शेजारच्या काकू.

"वास येतोय गं."

"येणारच ना काकू," बहीण म्हणाली. "हात मोडलाय माझा."

काकूंनी प्लास्टरकडे पाहिलं. "रोज करणार?"

"आठवड्यातून तीनदा!" आई आतून ओरडली. "बाकीचे दिवस तुमचं नाक सुटलं!"

काकू गेल्या. ग्रुपवर काय आलं, ते मी अजून उघडून पाहिलेलं नाही.

डाव्या हाताने जेवायचं नाही, हा आमच्या घरचा कडक नियम. त्या दुपारी बहीण डाव्या हाताने दोन भाकऱ्या जेवली आणि कुणी चकार शब्द काढला नाही.